वेळेशी शर्यत

जळगाव जिल्ह्यातील सावदा हे गाव केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तापी नदी आणि सातपुड्याचे डोंगर यांच्या मधल्या काळ्या जमिनीत दूरवर केळीच्या बागा पसरलेल्या दिसतात. येथील केळी अनेक वर्षे आगगाडीच्या वाघिणींत भरून दिल्लीकडे आणि उत्तरेच्या बाजारपेठांकडे जात आली आहेत. लांबच्या बाजारासाठी घड झाडावर पिकू देत नाहीत. तो हिरवा असतानाच कापतात. घड कोणत्या दिवशी कापला, वाघिणीत कधी चढला आणि वाटेत किती दिवस मोडतील, ह्याचा हिशेब शेतकऱ्याच्या मनात पक्का बसलेला असतो. गाडी दोन दिवस रखडली, तर वर्षभराच्या कष्टांचे मोल वाटेतच नासून जाते.

पत्राची गोष्टही फारशी निराळी नाही. बाजारभाव कळवणारे पत्र बाजार उतरल्यावर हाती पडले, तर त्याचा काय उपयोग? इ. स. १९२९ मध्ये लंडन आणि कराची या शहरांच्या दरम्यान विमानाने टपाल ये-जा करू लागले. समुद्रमार्गे येणारे पत्र आगबोटीच्या गतीने येई. ते आता आकाशमार्गे सुमारे आठवडाभरात कराचीस येऊन पोहोचू लागले. परंतु पुढे त्याची गती मंदावे. मुंबई, मद्रास आणि देशातील इतर गावांची पत्रे कराचीस उतरत आणि तेथून आगगाडीने निघत. आकाशात कमावलेला वेळ जमिनीवर गमवावा लागे. 

हा उरलेला टप्पाही विमानाने गाठता येईल, असा ध्यास घेणाऱ्या माणसांत एक तरुण होता. त्याने १९३० मध्ये आकाशातील एक शर्यत गमावली होती. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. पुढे सारा देश त्यांना जे. आर. डी. ह्या तीन अक्षरांनी ओळखू लागला.

जहांगीरचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिस शहरात झाला. वडील रतनजी हे नवसारीच्या टाटा घराण्यातील पारशी व्यापारी. आई सुझान ही फ्रेंच होती; विवाहानंतर तिने सूनी हे नाव घेतले. घरात फ्रेंच भाषा बोलली जाई. वडिलांच्या व्यापारामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड कधी पॅरिसला, कधी मुंबईस, तर कधी जपानात योकोहामा बंदरी असे. एका शाळेत ओळखीपाळखी होतात न होतात, तोच दुसऱ्या देशातील दुसरी शाळा! पाच भावंडांतील हे दुसरे अपत्य अशा रीतीने लहानपणापासूनच प्रवासाला सरावले.

त्या काळचा फ्रान्स हा वेगाने वेडावलेला देश होता. मोटारींच्या शर्यतींची सुरुवात तेथेच झाली. १८९४ मध्ये पॅरिस ते रुआं ह्या रस्त्यावर मोटारींची मोठी स्पर्धा झाली आणि १९०६ मध्ये ल मां येथे पहिली ‘ग्रां प्री’, म्हणजे मोठ्या पारितोषिकाची शर्यत भरली. धुळीने माखलेले, डोळ्यांवर मोठे चष्मे चढवलेले मोटारचालक हे तेथील मुलांचे वीर होते. पण लहानग्या जहांगीरला मोटारवाल्यांहूनही एक निराळा वीर जवळून पाहावयास मिळाला. उत्तर फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर आर्देलो नावाचे गाव आहे. सुटीत टाटा कुटुंब तेथे राहावयास जात असे. लुई ब्लेरिओ ह्यांचे घरही त्याच गावी होते. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी २५ जुलै १९०९ रोजी स्वतः बांधलेल्या विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधील ते पाणी विमानाने पार करता येते, हे त्या दिवशी जगास प्रथमच कळले. ब्लेरिओंचे विमान कधी कधी आर्देलोच्या वाळूवर उतरे. किनाऱ्यावर खेळणारी मुले खेळ टाकून तिकडे धाव घेत. पुढे १५ वर्षांचा असताना ह्याच किनाऱ्यावर जहांगीरला प्रथम विमानात बसावयास मिळाले. ती चक्कर काही मिनिटांचीच होती. परंतु आपण वैमानिक व्हावयाचे, हे त्या मुलाने तेव्हाच ठरवून टाकले.

मनात आले ते लगेच घडते, असे थोडेच असते? १९२३ मध्ये आई वारली. जहांगीर फ्रान्सचा नागरिक असल्यामुळे त्याला तेथील नियमानुसार वर्षभर फ्रेंच सैन्यात नोकरी करावी लागली. ती त्याने घोडदळाच्या पलटणीत केली. केंब्रिजच्या विद्यापीठात शिकावयाचे त्याच्या मनात होते. पण वडिलांनी त्याला हिंदुस्थानात बोलावून घेतले आणि १९२५ च्या अखेरीस तो मुंबईच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसू लागला. पुढच्याच वर्षी वडीलही वारले. अवघ्या बाविसाव्या वर्षी घराची आणि पेढीची जबाबदारी शिरावर आली. विद्यापीठात जाता आले नाही, ही रुखरुख त्यांना पुढे जन्मभर राहिली.

ह्या दिवसांत त्यांच्याजवळ एक बुगाती मोटार होती. बुगाती ही फ्रान्समधील शर्यतींत नाव गाजवणारी गाडी. मोठमोठ्या चालकांनी तिच्यावर बक्षिसे मिळवली होती. जे. आर. डी. ही मोटार मुंबईच्या रस्त्यांवरून भरधाव हाकत. ते कदाचित मोटारींच्या शर्यतींकडेच वळले असते. पण १९२९ च्या आरंभी मुंबईत जुहू येथे विमान चालविण्याचे शिक्षण मिळण्याची सोय झाली, आणि आर्देलोच्या वाळूवर केलेला निश्चय पुन्हा जागा झाला. थोड्याच तासांच्या शिक्षणानंतर ते एकटे विमान उडवू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व सोडले आणि ते हिंदुस्थानचे नागरिक झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान ह्यांनी एक पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड हा प्रवास जो हिंदी वैमानिक ठराविक मुदतीत एकट्याने विमान चालवून प्रथम पुरा करील, त्याला ५०० पौंड मिळावयाचे होते. तीन तरुण पुढे आले. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनिअर ह्यांनी इंग्लंडहून निघण्याचे ठरविले, जे. आर. डी. ह्यांनी कराचीहून. अस्पी तेव्हा अवघा १७ वर्षांचा होता. १९३० च्या मार्च महिन्यात आर. एन. चावला ह्या सोबत्याबरोबर तो हिंदुस्थानातून इंग्लंडला विमानाने जाऊन पोहोचलाही होता. आता परतीचा मार्ग त्याला एकट्याने कापावयाचा होता.

ह्या शर्यतीत तिघांजवळ होती ती ‘मॉथ’ जातीची लहान विमाने. मॉथ म्हणजे पतंग, दिव्याभोवती घिरट्या घालणारा कीटक. नाव विमानाला शोभणारेच होते. लाकडाची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेले कापड, एकावर एक असे दोन पंख आणि पुढे चार नळकांड्यांचे एकच एंजिन. वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नसे. वारा, धूळ, ऊन सारे तोंडावर घ्यावे लागे. जमिनीवरच्या माणसाशी बोलावयास बिनतारी यंत्र नव्हते. मांडीवर नकाशा उघडावा, होकायंत्राकडे पाहावे आणि खाली दिसणारा किनारा, नदी किंवा आगगाडीचे रूळ ह्यांवरून मार्ग ओळखावा. ढग आड आले, की तेही दिसेनासे होई.

३ मे १९३० रोजी जे. आर. डी. कराचीहून निघाले. इराणचा उजाड किनारा, इराकचे वाळवंट असे टप्पे घेत ते इजिप्तपर्यंत पोहोचले. तेथे अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर नावाचा विमानतळ होता. विमान खाली उतरविताना त्यांना तळावर आपल्यासारखेच एक मॉथ विमान उभे दिसले. चौकशी करता कळले, की ते अस्पी इंजिनिअरचे!

दोन प्रतिस्पर्धी एकमेकांसमोर आले. एक पूर्वेकडून आलेला, एक पश्चिमेकडून आलेला. दोघांपुढेही बरीच वाट अजून बाकी. जे. आर. डी. ह्यांनी विचारले, विमान असे उभे का? अस्पीने अडचण सांगितली. त्याच्या एंजिनाचा स्पार्क प्लग बिघडला होता, दुसरा त्याच्याजवळ नव्हता आणि तो मिळेपर्यंत वाट पाहत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

स्पार्क प्लग ही वस्तू बोटभर लांबीची असते. एंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलची वाफ आणि हवा ह्यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो. नेमक्या त्याच क्षणी प्लगच्या टोकाशी विजेची ठिणगी पडते, मिश्रणाचा स्फोट होतो आणि त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जाऊन एंजिन फिरते. ठिणगी पडली नाही, तर ते नळकांडे मुके होते. चार नळकांड्यांच्या एंजिनातील एकजरी मुके झाले, तरी समुद्रावरून किंवा वाळवंटावरून उडणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय. जे. आर. डी. ह्यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांच्याजवळ जादा प्लग होते. परंतु त्यांचा स्वतःचा उरलेला मार्गही भूमध्य समुद्राच्या काठाने जाणारा, लांबचा आणि अनोळखी होता. जवळचा साठा कमी करणे म्हणजे पुढची जोखीम वाढविणे होते. शिवाय अस्पी जितका काळ अबूकीरला अडकून पडेल, तितकी त्यांची जिंकण्याची शक्यता वाढणार होती. त्यांनी काही लबाडी करावयाची नव्हती. नुसते ‘माझ्याजवळ नाही’ म्हणून पुढे निघून गेले असते, तरी कोणाला कळले नसते. 

त्यांनी आपल्याजवळचा प्लग काढून अस्पीला दिला. अस्पीचे विमान पूर्वेकडे उडाले, जे. आर. डी. ह्यांचे पश्चिमेकडे.

११ मे रोजी अस्पी कराचीस उतरला. काही तासांच्या फरकाने त्याने शर्यत जिंकली होती. मनमोहन सिंग हेही कराचीस पोहोचले, पण वाटेत खोळंबा झाल्यामुळे ठरलेली मुदत त्यांच्या हातून निसटली आणि पारितोषिक अस्पीस मिळाले. ह्या यशामुळे त्या मुलाचा सैन्यातील वैमानिक होण्याचा मार्ग सुकर झाला, ह्याचे जे. आर. डी. ह्यांना पुढे नेहमी समाधान वाटे. ते समाधान खोटे नव्हते, हे काळाने दाखविले. १ डिसेंबर १९६० रोजी भारताच्या वायुसेनेचे प्रमुखपद ज्यांच्याकडे आले, ते एअर मार्शल अस्पी इंजिनिअर म्हणजे अबूकीरच्या तळावर प्लगसाठी खोळंबलेला तोच मुलगा.

जे. आर. डी. ह्यांनी मात्र पुन्हा पारितोषिकाच्या शर्यतीत भाग घेतल्याचे दिसत नाही. त्यांच्या वेगाच्या ओढीला आता निराळे वळण लागले. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक हिंदुस्थानात आले होते. पूर्वी ते ब्रिटिश वायुसेनेत होते. कराचीस येऊन थांबणारे टपाल विमानाने मुंबईस व मद्रासेस न्यावे, ही योजना त्यांनी जे. आर. डी. ह्यांच्यापुढे मांडली. टाटांच्या पेढीत ती मान्य करून घेणे सोपे नव्हते. पेढी पोलाद करी, वीज करी. विमानांचा तिला काय अनुभव? पण अखेर दोराबजी टाटा ह्यांनी तरुण जे. आर. डी. ह्यांच्यावर विश्वास टाकला. सुमारे दोन लाख रुपये भांडवल मंजूर झाले. सरकारकडून अनुदान मिळणार नव्हते. पोहोचविलेल्या टपालाच्या वजनावर काय मिळेल तेवढेच.

सारा सरंजाम म्हणजे दोन लहान विमाने, जे. आर. डी. आणि व्हिन्सेंट धरून तीन वैमानिक, तीन यंत्रकामगार आणि जुहूला ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. विमानतळ म्हणावयाचा तो समुद्रकाठचा वाळलेला चिखल होता. पावसाळ्यात तेथे पाणी भरे, तेव्हा सगळे बिऱ्हाड उचलून पुण्यास न्यावे लागे.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावर सकाळी साडेसहाच्या सुमारास ‘पस मॉथ’ जातीचे विमान सज्ज उभे होते. लंडनहून आलेल्या टपालाची सुमारे ५५ पौंड वजनाची पिशवी त्यात ठेवण्यात आली. विमान हाकणारे जे. आर. डी. एकटेच होते. ताशी सुमारे १०० मैल वेगाने ते कच्छच्या रणाच्या बाजूने दक्षिणेस निघाले. बिनतारी यंत्र नव्हते, खालून मार्ग दाखविणारे कोणी नव्हते. अहमदाबादला विमान उतरले, तेव्हा त्याच्यासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! आकाशातील नवे वाहन आणि जमिनीवरील सर्वांत जुने वाहन यांची अशी गाठ पडली. पेट्रोल भरून विमान पुन्हा उडाले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूला उतरले. तेथे व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाजवळ वाट पाहत होते. मद्रासचे टपाल घेऊन ते बळ्ळारीच्या वाटेला लागले.

जुहूला उतरलेल्या पिशवीत सावद्याच्या एखाद्या व्यापाऱ्याचे पत्र असले, तर ते तेथून पुन्हा आगगाडीनेच मनमाड, भुसावळ असे गेले असेल. पण कराची ते मुंबई हा टप्पा आता काही तासांवर आला होता.

ह्या कामात प्रेक्षक नव्हते, टाळ्या नव्हत्या. आठवड्यातून एकदा टपाल यावयाचे आणि ते ठरलेल्या वेळी पोहोचवावयाचे. धुके असो, वादळ असो, पावसाने किनारा दिसेनासा झालेला असो. पारितोषिक जिंकण्यासाठी एकदाच वेगाने जावे लागते, येथे दर आठवड्याला जावे लागे, आणि ह्या आठवड्यातील यशाचा पुढच्या आठवड्यात काहीच उपयोग नसे. वेगापेक्षा वक्तशीरपणा अवघड, असे जे म्हणतात, ते वैमानिकांना ह्या मार्गावर रोज पटत असेल. १९३३ ह्या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैल प्रवास केला आणि टपालाबरोबर १५५ उतारूही नेले. टपाल नेमक्या वेळी पोहोचविण्याबद्दल सरकारी अहवालात त्यांची प्रशंसा झाली.

पुढची वाढ झपाट्याने झाली. विमाने मोठी झाली, मार्ग वाढले. १९४६ मध्ये ह्याच संस्थेचे ‘एअर इंडिया’ असे नामकरण झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार एंजिनांचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा ह्या मार्गाने लंडनला निघाले, तेव्हा त्यात जे. आर. डी. ह्यांचाही समावेश होता. १८ वर्षांपूर्वी उघड्या मॉथमधून ज्या दिशेने ते एकटे गेले होते, त्याच दिशेने आता उतारू निवांतपणे जेवत, झोप घेत चालले होते. १९५३ मध्ये सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेतली. जे. आर. डी. ह्यांना हा निर्णय पटलेला नव्हता. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ पर्यंत ते सांभाळले. विमानात बसले, की त्यांची नजर बारीकसारीक गोष्टींवर फिरे, आणि दिसलेल्या उणिवा ते अधिकाऱ्यांना लिहून कळवीत. विमानातील चहा आणि कॉफी यांचा रंग सारखाच दिसतो, अशी तक्रारही त्यांच्या एका टिपणात आहे!

१९८२ मध्ये पहिल्या टपालविमानास ५० वर्षे झाली. जे. आर. डी. तेव्हा ७८ वर्षांचे होते. ‘लेपर्ड मॉथ’ जातीचे एक जुने, एका एंजिनाचे विमान दुरुस्त करून सज्ज करण्यात आले. १५ ऑक्टोबर रोजी ते त्या विमानातून कराचीहून निघाले, पूर्वीसारखेच एकटे. कराची आता दुसऱ्या देशात होती. अहमदाबादेस बैलगाडीची वाट पाहावी लागली नाही. जुहूला चिखलाच्या जागी पक्की धावपट्टी होती, सभोवती घरांची दाटी झाली होती, आणि झावळ्यांच्या झोपडीजवळ उभे राहणाऱ्या मूठभर माणसांऐवजी त्यांचे स्वागत करावयास मोठा समुदाय लोटला होता. विमान सुखरूप उतरले.

१९९२ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान दिला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांना पॅरिसच्या पेर लाशेज ह्या स्मशानभूमीत चिरविश्रांती देण्यात आली.